टायगर मस्कीसाठी ल्युअर निवडताना

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन राज्यात, टायगर मस्की हा मासा मोजक्याच तळ्यांत सोडला जातो: मेफील्ड, मर्विन, टॅप्स, कर्लू, न्यूमन, एव्हरग्रीन आणि स्पोकेन काउंटीतलं सिल्व्हर लेक. (सिल्व्हर लेक नावाची तळी या राज्यात ढिगानं आहेत. काउंटी बघूनच गाडी काढा.) सिएटलच्या आसपास राहणाऱ्या ज्या मराठी मंडळींचा ट्राउट धरून झाला आहे आणि आता मोठ्या माशाची ओढ लागली आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. माशाचा स्वभाव सगळीकडे सारखाच, त्यामुळे यूटा, आयडाहो किंवा मिनेसोटातल्या तळ्यांवरही यातलं बरंचसं चालेल. नियम मात्र त्या त्या राज्याचे बघायचे.

हा मासा मस्केलंज आणि नॉर्दर्न पाइक या दोन मोठ्या शिकारी माशांचा संकर. घोडा आणि गाढव यांच्यापासून खेचर होतं, तसंच हेही: अंगानं दणकट, आईबापांपेक्षा सुरुवातीला वेगानं वाढणारं आणि वांझ. निसर्गात असा संकर अधूनमधून आपोआप होतो. विस्कॉन्सिन आणि मिशिगनच्या सीमेवरच्या लाक व्ह्यू डेझर्ट तळ्यात 1919 साली धरलेला 51 पौंड 3 औंसांचा टायगर मस्की आजही जागतिक विक्रम म्हणून नोंदलेला आहे. वॉशिंग्टनमधले मासे मात्र सगळे मत्स्यबीज केंद्रात वाढवलेले. सुरुवात 1988 साली मेफील्ड तळ्यात झाली. तिथे नॉर्दर्न पाइकमिनो हा मासा माजला होता आणि तो सामन-ट्राउटची पिल्लं फस्त करत होता. त्याला आवर घालायला असा शिकारी हवा होता, जो स्वतः पिल्लं घालून डोईजड होणार नाही. वांझ टायगर मस्की त्यासाठी अगदी सोयीचा.

या एका गोष्टीवर पुढचे सगळे डावपेच उभे आहेत. मासा वांझ, म्हणून तळ्यात सोडले तेवढेच, आणि ते फार नसतात. एका जागी नांगर टाकून वाट बघत बसणं म्हणजे दिवस फुकट घालवणं. पाणी फिरून पालथं घालावं लागतं. दुसरं म्हणजे, वॉशिंग्टनमध्ये घरी नेण्यासाठी किमान लांबी 50 इंच, म्हणजे 127 सेंटिमीटर, आणि दिवसाला एकच मासा. 50 इंचांचा मासा भाग्यवंतालाच भेटतो, त्यामुळे व्यवहारात धरलेला प्रत्येक मासा परत सोडायचा असतो. तेव्हा ल्युअर (म्हणजे बनावट आमिष) आणि सामान निवडताना मासा लवकर बोटीपाशी यावा आणि धडधाकट परत जावा, हा हिशेबही आत्तापासूनच करायचा. इथे जिवंत मासा आमिष म्हणून लावायला बंदी आहे, 15 वर्षांपासून पुढे परवाना लागतो, आणि नियम बदलत असतात. निघण्यापूर्वी राज्याच्या मत्स्य विभागाची चालू पुस्तिका वाचून घ्या.

मासा कुठे उभा असतो

टायगर मस्की दडून झडप घालणारा आणि नजरेवर शिकार करणारा मासा आहे. अंगावरचे उभे काळसर पट्टे पाणगवताच्या काड्यांत मिसळून जातात. म्हणून पहिली जागा पाणगवताची बाहेरची कड: जिथे हिरवळ संपते आणि तळ खोल जातो ती रेघ. साधारण 6 ते 15 फूट खोली. कड सरळ धावत असेल तर ती कमी कामाची. जिथे गवत बाहेर नाकासारखं आलं आहे, आत खोबण आहे किंवा मध्ये मोकळा खड्डा आहे, तिथे जास्त वेळ द्या. त्यानंतर बुडालेले बुंधे, धक्क्यांच्या सावल्या, आणि ओढा तळ्याला मिळतो ती तोंडं.

प्रत्येक तळ्याचा तोंडवळा वेगळा. मेफील्डमध्ये काउलिट्झ नदीच्या फाट्यात वरच्या मॉसीरॉक धरणातून थंड पाणी येतं. आइक किन्स्वा उद्यानापाशी येणारा टिल्टन नदीचा फाटा त्यामानानं उबदार. वसंतात म्हणूनच टिल्टनकडे आधी जावं. टॅप्समध्ये पाणगवतापेक्षा बुंध्यांचा पसारा महत्त्वाचा आणि पाणी कधी कधी दुधट. तिथे मेफील्डचीच ल्युअर-पेटी तशीच्या तशी वापरली तर निम्मी निरुपयोगी ठरते.

पाण्याचं तापमान मोजणारं यंत्र बोटीवर नसेल तर दोरीला बांधलेला साधा थर्मामीटरही चालेल, पण मोजल्याशिवाय ल्युअर निवडू नका. पाणी 12 ते 16 अंश सेल्सिअस असताना मासे उथळ, उन्हानं तापणाऱ्या छोट्या खाड्यांत येऊन अक्षरशः ऊन खात पडलेले असतात. दिसतात, पण पाठ फिरवून निघून जातात. 18 ते 24 अंश हा त्यांचा चलतीचा काळ. वॉशिंग्टनमध्ये साधारण जुलै ते सप्टेंबर. शरदात पाणी उतरलं की पाणगवत मरू लागतं. कुजणारं तपकिरी गवत प्राणवायू खातं, म्हणून जो पट्टा अजून हिरवा आहे तो शोधायचा. मासे तिथेच दाटतात.

ल्युअर: आधी खोली आणि वेग, मग आकार, शेवटी रंग

दुकानात शिरलं की डोळ्यांत भरतो तो रंग. पाण्यात मात्र आधी तीन प्रश्न येतात: मासा किती खोल आहे, किती वेगानं जाणाऱ्या गोष्टीमागे तो धावेल, आणि मध्ये गवत किती आहे. याची उत्तरं मिळाली की पेटीतली बहुतेक ल्युअर्स आपोआप बाद होतात.

नवख्यानं सुरुवात बकटेलनं करावी. तारेवर फिरणारी धातूची पाती आणि मागे केसांचा किंवा चमकीच्या धाग्यांचा झुपका, असं हे ल्युअर. फेकायचं आणि सरळ गुंडाळायचं. यात चुकण्यासारखं कमी आहे आणि पाणी भराभर पालथं घालता येतं. पातं गोल असेल तर ते पाण्याला जास्त अडतं, ल्युअर वर राहतं आणि सावकाश ओढता येतं. पातं लांबट पानासारखं असेल तर ल्युअर वेगानं आणि खोल जातं. म्हणजे गवताच्या डोक्यावरून दोन फूट पाण्यात न्यायचं तर गोल पातं, कडेबाहेर आठ फुटांवर न्यायचं तर पानासारखं. मेप्सचं पाच नंबरच्या पात्याचं मस्की किलर किंवा आठ नंबरच्या दोन पात्यांचं बकटेल या तळ्यांना पुरतं. दहा नंबरची जोडपाती विस्कॉन्सिनच्या भल्यामोठ्या मस्केलंजसाठी ठीक. इथे ती दिवसभर ओढून मनगटं तेवढी भरून येतात. ल्युअर पाण्यात पडल्या पडल्या रॉडला एक झटका द्या, म्हणजे पातं फिरू लागेल. पातं फिरत असल्याचा थरथराट हाताला जाणवला पाहिजे. तो थांबला म्हणजे गवताची काडी अडकली. ते ओढणं वाया गेलं समजा आणि लगेच गुंडाळून साफ करा. गवत लागलेल्या ल्युअरला मस्की तोंड लावत नाही.

किती वेगानं गुंडाळायचं? कोमट पाण्यात जमेल तितक्या. हाताच्या रीलनं कितीही जोर लावला तरी हा मासा त्याहून वेगानं येतो. पाणी 20 अंशांच्या वर असताना सावकाश ओढलेलं बकटेल त्याला निरखून बघायला वेळ देतं, आणि निरखून बघितलं की तो घेत नाही. थंड पाण्यात उलट.

गवत फारच दाट असेल तर स्पिनरबेट. त्याची वाकडी तार गळाच्या पुढे ढालीसारखी असते, त्यामुळे काड्यांतून सुटून येतं. दिसायला बेंगरूळ आणि दुर्लक्षित, पण जिथे बाकी कोणी फेकत नाही तिथे फेकता येतं हाच त्याचा मोठा गुण.

पृष्ठभागावरची ल्युअर्स पहाटे, संध्याकाळी आणि पाणी शांत असताना. शेपटीला फिरतं पंख असलेलं, गुडगुड आवाज करत येणारं ल्युअर एकाच संथ वेगानं ओढायचं. यात सगळे एकच चूक करतात: पाणी फुटलं की दचकून रॉड मारतात आणि ल्युअर माशाच्या तोंडापासून हिसकावून घेतात. महाराष्ट्रात तळ्यावर मरळीसाठी रबरी बेडूक टाकणाऱ्यांना ही खोड माहीत आहे. इथेही तेच, डोळ्यांवर नाही तर हातावर विश्वास ठेवा. ओढत राहा, वजन जाणवलं की मगच झटका.

जर्कबेट आणि ग्लाइडबेट ही माशाच्या आकाराची कडक ल्युअर्स. सुइक हे जुनं लाकडी जर्कबेट रॉडचा खालच्या दिशेनं हिसका दिला की बुडतं आणि सोडलं की हळूहळू वर येतं. मागची धातूची शेपटी किंचित खाली वाकवली की ते जास्त खोल बुडतं. जास्त वाकवली तर गोल गिरक्या घेतं. ग्लाइडबेट डावीउजवीकडे सरकतं. त्याला छोटा टोला देऊन लगेच दोरी सैल सोडावी लागते. दोरी ताणलेलीच राहिली तर ते सरकत नाही, नुसतं ओढलं जातं, आणि मग लोक ल्युअरला दोष देतात. मागे येऊन परतलेल्या, संशयी माशाला हा प्रकार चांगला लागू पडतो.

रबरी ल्युअर्स, म्हणजे बुलडॉग नावाच्या ल्युअरसारखी वळवळत्या शेपटीची, थंड पाण्यात आणि खोल कडेवर. पडू द्या, उचला, पुन्हा पडू द्या. बरेचदा मासा पडतानाच घेतो, म्हणून पडतानाही दोरी पूर्ण सैल नको. पाइकवर्गातल्या माशांचे दात रबराचे तुकडे करतात. दोन जादा जवळ ठेवा किंवा सोबत चिकटवण्याचा द्रव ठेवा.

आकाराबद्दल गैरसमज फार. मस्की म्हटलं की हातभर ल्युअर, असं चित्र डोक्यात असतं. वॉशिंग्टनच्या तळ्यांत 6 ते 8 इंच हा सर्वसाधारण माप बरोबर बसतो, आणि वसंतातल्या थंड पाण्यात 5 इंचांचं बारीक माशासारखं ल्युअर, हलके टोले आणि मध्ये लांब थांबा. इथले मस्की सकर, पाइकमिनो, टेंच आणि पिवळे पर्च खातात. ल्युअर त्यांच्याच मापाचं असावं.

रंगाचं एवढंच: स्वच्छ पाण्यात खाद्यमाशासारखे, म्हणजे हिरव्यावर काळे पट्टे किंवा सोनेरी-तपकिरी, गढूळ पाण्यात भडक नारिंगी किंवा पोपटी, अंधुक उजेडात काळं, कारण खालून बघणाऱ्याला आभाळासमोर काळी आकृतीच ठळक दिसते. तासभर काही घडलं नाही तर आधी खोली बदला, मग वेग, मग ल्युअरचा प्रकार. रंगाची पाळी त्यानंतर.

रॉड, दोरी आणि लीडर

इथे काटकसर केली तर नुकसान माशाचं होतं. ट्राउटच्या सामानावर लागलेला टायगर मस्की एक तर दोरी कापून तोंडात ल्युअर घेऊन जातो, नाहीतर इतका वेळ झुंजतो की सोडल्यावर मरतो.

रॉड साडेआठ ते नऊ फूट, हेवी म्हणजे कडक. लांबी फेकीसाठी कमी आणि बोटीपाशी करायच्या वळणासाठी जास्त लागते, ते पुढे येईलच. रील बेटकास्टिंगचं, 300 किंवा 400 मापाचं. दोरी 80 पौंडांची ब्रेड, म्हणजे विणलेली. 65 खालची नको. ब्रेड एवढी जाड घेण्याचं कारण माशाचं वजन नाही. तीन-चार औंसांचं ल्युअर जोरात फेकताना रील अडकलं तर पातळ दोरी तटकन तुटते आणि ल्युअर तळ्यात जातं. मोनो, म्हणजे एकेरी नायलॉनची दोरी वापरू नका, ती ताणली जाते आणि या माशाच्या हाडासारख्या टणक जबड्यात गळ रुततच नाही.

दोरीच्या टोकाला लीडर, म्हणजे दोरी आणि ल्युअर यांच्यामधला दातांना दाद न देणारा तुकडा, हवाच. बकटेल आणि सरळ ओढायच्या ल्युअर्सना 100 पौंडांचा, सुमारे 12 इंचांचा फ्लुरोकार्बन (पारदर्शक, टणक प्लास्टिकची दोरी). जर्कबेट आणि ग्लाइडबेटला एकेरी स्टीलची तार, कारण मऊ लीडर सैल सोडल्यावर पुढच्या गळात गुंततो. वरच्या टोकाला बॉल-बेअरिंगचं स्विव्हल (फिरती कडी), खाली ल्युअर अडकवायला मजबूत स्नॅप (उघडता येणारी कडी). ब्रेड स्विव्हलला पालोमार गाठीनं बांधा आणि गाठ आवळण्यापूर्वी ओली करा. लीडरवर नखानं चाचपून खरचट लागलं की तो टाकून द्या.

नवीन ल्युअरचे गळ पेटीतून काढले तसे धारदार असतील असं धरून चालू नका. अंगठ्याच्या नखावर टोक टेकवा. घसरलं तर बोथट, रुतलं तर ठीक. बोथट गळ बारीक कानशीनं घासा. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीनं दाबून टाका. मासा थोडा जास्त सुटतो, पण तिहेरी गळ त्याच्या तोंडातून आणि तुमच्या हातातून काढणं फार सोपं होतं.

शेवटचे आठ फूट

मस्की मागे येतो. फेकीच्या जागेपासून बोटीपर्यंत ल्युअरमागे निवांत पोहत येतो आणि बोट दिसली की बुडी मारतो. सवय नसलेला माणूस या क्षणी दोनपैकी एक करतो: गुंडाळणं थांबवतो किंवा ल्युअर उचलतो. दोन्हींत मासा गेला.

यावर उपाय म्हणजे बोटीपाशी काढायचा इंग्रजी आठ. ल्युअर बोटीजवळ आलं की लीडरचं स्विव्हल रॉडच्या टोकाजवळ येईपर्यंत गुंडाळा. टोकापासून ल्युअरपर्यंत फूट-दीड फूट दोरी राहिली पाहिजे. स्विव्हल टोकाच्या कड्यात शिरू देऊ नका, कडं फुटतं. आता रॉडचं टोक दोन-तीन फूट पाण्यात घाला आणि ल्युअर न थांबवता एका बाजूला वळवा. मग मोठा आठ काढत राहा. वळणं शक्य तितकी रुंद. मस्की लांबोडा मासा आहे, त्याला आखूड वळण घेता येत नाही. बशीएवढ्या आठामागे तो दोनदा चुकतो आणि कंटाळून जातो. लांब रॉडचा उपयोग इथे होतो. वळणात शिरताना किंचित वेग वाढवा. बहुतेक मासे वळणाच्या बाहेरच्या बाजूला घेतात, कारण तिथे खाद्य पळून चाललं आहे असं वाटतं.

मासा दिसो न दिसो, प्रत्येक फेकीनंतर दोन पूर्ण आठ काढा. गढूळ पाण्यात चार फुटांखाली असलेला पाठलाग दिसतच नाही. पोलराइज्ड चष्मा त्यासाठी लागतो, आणि वाकताना बोटीत आपटू नये म्हणून पायांना मोकळी जागा ठेवून उभं राहा.

इथे मासा लागला तर वर उपसू नका. आडवं, बाजूला झुकून ओढा, म्हणजे गळ तोंडाच्या कोपऱ्यात सरकून रुततो. दोरी जेमतेम दीड फूट असते आणि ड्रॅग (रीलचा ब्रेक) घट्ट, त्यामुळे पहिल्या धडकीला काहीतरी तुटू शकतं. म्हणून झटका दिल्याबरोबर रीलचं बटण दाबून अंगठ्यानं दोरी आवरत माशाला पळायला थोडी वाट द्या. सवय व्हायला घरी अंगणात रिकाम्या हातानं सराव केलात तर शेजारी बघतील, पण उपयोग होईल.

मासा मागे आला आणि घेतला नाही, तर ती जागा नकाशावर खूण करून सोडा. लगेच तिथेच वीस फेकी मारल्या तर तो खोल जातो. तासाभरानं, किंवा मावळतीला, किंवा वारा-आभाळ बदलल्यावर परत या, आणि वेगळ्या चालीचं ल्युअर आणा: बकटेलमागे आला होता तर आता ग्लाइडबेट. ढग दाटताना, वादळापूर्वी हवेचा दाब उतरताना आणि उजेड बदलताना हे मासे एकदम खायला लागतात. अशा वेळी नवीन जागा शोधत बसू नका, पाहून ठेवलेल्या माशाकडे जा.

बोट नेहमी कडेपासून एका फेकीच्या अंतरावर, खोल बाजूला ठेवा आणि इलेक्ट्रिक मोटरनं हळू सरका. फेक कडेला काटकोनात मारली तर ल्युअर कामाच्या पट्ट्यात दोन सेकंद असतं. कडेशी तिरकी किंवा समांतर मारली तर सगळा प्रवास कामाचा. वारा लागणारी कड आधी.

मासा आल्यावर

हत्यारं फेकीला सुरुवात करण्यापूर्वी हाताशी मांडून ठेवायची: मोठं, रबराचा लेप असलेलं, गाठी नसलेल्या विणीचं जाळं, लांब चोचीची पकड, आणि गळ कापायचं कटर. तिहेरी गळ खोल रुतला असेल तर उपसाउपशी न करता गळच कापा. गळ चार पैशांचा.

मासा जाळ्यात घेतला की जाळं पाण्यातच राहू द्या. तिथेच गळ काढा, तिथेच श्वास घेऊ द्या. कॅमेरा तयार आहे ना, हे आधी बघा, मग मासा उचला. एक हात गालपटाखालून, म्हणजे कल्ल्यांवरच्या झाकणाखालून, सरकवा, लाल कल्ल्यांना बोट लागू न देता. दुसरा हात पोटाखाली. आडवा धरा. जबड्यानं उभा टांगला तर स्वतःच्याच वजनानं आतले अवयव ताणले जातात. दहा-पंधरा सेकंदांत पुन्हा पाण्यात. सोडताना शेपटीजवळ धरून सरळ उभा ठेवा, पुढेमागे जोरानं ढकलू नका. तो स्वतः हातातून सुटेपर्यंत थांबा. उलटा झाला तर पुन्हा धरा.

पाणी 27 अंशांच्या आसपास गेलं की त्यात प्राणवायू कमी आणि दमलेल्या माशाला सावरणं अवघड. पोहत गेलेला मासाही नंतर खाली मरून पडू शकतो. थर्मामीटरनं तो आकडा दाखवला तर मस्कीचा रॉड गुंडाळून ठेवा आणि त्या दिवशी पर्चच्या मागे लागा.